दहाचे शंभर की दहात शंभर? हायड्रोजन पेरॉक्साइडच्या एका द्रावणाचा प्रकरण अभ्यास

विद्यार्थ्यांच्या तीन जोड्या, एकच सूचना, एकच यीस्ट आणि जमलेल्या वायूची तीन मापं: ५८ मिली, ५३ मिली आणि १३ मिली.

प्रयोग साधा होता. ३% हायड्रोजन पेरॉक्साइड स्वतः बनवायचं, त्यातलं पाच मिली घ्यायचं, यीस्टचं पाणी टाकायचं आणि पाण्यात पालथ्या घातलेल्या अंशांकित सिलिंडरमध्ये जमणारा ऑक्सिजन मोजायचा. यीस्टमधलं कॅटॅलेज हे विकर पेरॉक्साइडचं विघटन करून पाणी आणि ऑक्सिजन बनवतं. यीस्ट कमी-जास्त झालं तर फेस लवकर किंवा उशिरा थांबेल, पण शेवटी किती ऑक्सिजन जमणार हे पेरॉक्साइड किती होतं यावरच ठरतं. त्यामुळे यीस्टवर खापर फोडून मोकळं होता येत नव्हतं.

५८ आणि ५३ एवढाच फरक असता तर "चार बुडबुडे निसटले असतील" म्हणून मीही पुढे गेले असते. हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. १३ मुळे थांबावं लागलं.

अशा वेळी प्रयोगशाळेतला ठरलेला उपाय म्हणजे द्रावण बेसिनमध्ये ओतायचं आणि नव्यानं बनवायचं. त्या दिवशी मी ओतू दिलं नाही. तिन्ही बाटल्यांवर मार्करनं "३%" लिहिलेलं होतं, तिन्ही जोड्यांच्या वहीत हिशेब होता आणि निव्वळ आकडेमोड म्हणून पाहिलं तर कुणाचाही गुणाकार-भागाकार चुकलेला नव्हता. चूक हिशेबाच्या आधी झालेली होती. ती कुठे, हे शोधण्यात पुढचे दोन तास गेले.

वहीत काय लिहिलं होतं

पहिल्या जोडीनं "३०%" लेबल असलेल्या नव्या बाटलीतून १० मिली पिपेटनं घेतलं, १०० मिलीच्या व्हॉल्यूमेट्रिक फ्लास्कमध्ये टाकलं आणि खुणेपर्यंत डिस्टिल्ड वॉटर भरलं. वहीत: ३० × १० = क्ष × १००, म्हणून क्ष = ३.

दुसऱ्या जोडीनंही त्याच बाटलीतून १० मिली घेतलं. पण त्यांना रिकामा फ्लास्क मिळाला नाही. त्यांनी मोजपात्रानं १०० मिली पाणी मोजलं आणि बीकरमध्ये त्या दहा मिलीत ओतलं. वहीत: "१० मिलीत १०० मिली पाणी, म्हणजे दहापट पातळ, म्हणजे ३%."

तिसऱ्या जोडीच्या वाट्याला ती बाटली लवकर येईना. त्यांनी कपाटातली जुनी, अर्धी झालेली बाटली काढली. तिच्यावर "२० व्हॉल्यूम" असं छापलेलं. त्यांनी ते २०% धरलं. २० × क्ष = ३ × १००, क्ष = १५. पंधरा मिली घेऊन खुणेपर्यंत शंभर केलं.

वाचतानाच निकाल लागल्यासारखा वाटतो ना? पहिली जोडी बरोबर, दुसरी थोडी चुकली, तिसरी पार चुकली. मलाही तसंच वाटलं होतं. पहिल्या जोडीला मी मनातल्या मनात पूर्ण गुण देऊनही टाकले होते.

ब्युरेटपाशी

पेरॉक्साइड खरंच किती आहे हे ठरवायचा सरळ मार्ग म्हणजे आम्लयुक्त पोटॅशियम परमँगनेटशी टायट्रेशन: माहीत असलेल्या तीव्रतेचं परमँगनेट ब्युरेट या खुणांच्या नळीतून थेंबथेंब सोडायचं आणि अभिक्रिया पुरी व्हायला किती लागलं ते वाचायचं. परमँगनेट सकाळीच सोडियम ऑक्झलेटशी तपासून ठेवलेलं होतं, ०.०२ मोलर, म्हणजे लिटरमागे ०.०२ मोल (मोल हे रेणू मोजायचं एकक). या अभिक्रियेत परमँगनेटचे दोन मोल पेरॉक्साइडच्या पाच मोलांना पुरतात. तेवढं एक गुणोत्तर लक्षात असलं की बाकीचं अंकगणित आहे.

३% द्रावण थेट घेतलं तर ब्युरेट भरभरून दमायला होतं. म्हणून प्रत्येक जोडीनं आपल्या द्रावणातलं ५ मिली घेऊन १०० मिलीपर्यंत नेलं, म्हणजे वीसपट पातळ केलं. यातलं २५ मिली कॉनिकल फ्लास्कमध्ये, वर विरल सल्फ्यूरिक आम्ल. हायड्रोक्लोरिक चालत नाही, कारण परमँगनेट क्लोराइडलाच ऑक्सिडाइज करत बसतं आणि रीडिंग फुगतं.

दुसऱ्या जोडीतला मुलगा फ्लास्क घेऊन बर्नरकडे निघाला. ऑक्झलेटचं टायट्रेशन साठ-सत्तर अंशांवर गरम करून करतात, ती सवय. त्याला अर्ध्या वाटेत अडवलं. पेरॉक्साइड गरम केलं तर मोजायचीच वस्तू उडून जाईल. हे टायट्रेशन थंडच करायचं.

पहिला थेंब पडतो तेव्हा गुलाबी रंग तसाच राहतो. पाच सेकंद, दहा सेकंद. नवख्याला वाटतं, झालं, एंड पॉइंट (अभिक्रिया पुरी झाल्याची खूण) आला. पण फ्लास्क हलवत राहिलं की रंग हळूच जातो, दुसऱ्या थेंबाचा जरा लवकर, आणि पाचव्या-सहाव्या थेंबापासून रंग पडल्या पडल्या नाहीसा व्हायला लागतो. अभिक्रियेतून तयार होणारे मँगनीज आयन हेच तिचे उत्प्रेरक, त्यामुळे पहिल्या थेंबांना कुणी मदतनीस नसतो. शेवटी एक थेंब असा येतो की फिकट गुलाबी छटा अर्धा मिनिट टिकते. तिथे थांबायचं. परमँगनेट इतकं गडद असतं की पृष्ठभागाची खालची वक्ररेषा दिसत नाही. म्हणून ब्युरेट वरच्या कडेशी वाचायची, सुरुवातीला आणि शेवटीही.

तिसऱ्या जोडीच्या फ्लास्कमध्ये पहिल्या खेपेला तपकिरी गढूळपणा आला आणि बारीक बुडबुडे सुटू लागले. आम्ल टाकायचं राहिलं होतं. आम्ल नसलं की परमँगनेट मँगनीज डायऑक्साइडपाशीच अडकतं, आणि हा मँगनीज डायऑक्साइड पेरॉक्साइड फोडण्यात पटाईत. ते रीडिंग टाकून दिलं. आजचा दिवस त्यांचा नव्हता.

एकमेकांशी जुळणारी रीडिंगं अशी आली: पहिली जोडी २४.३ मिली, दुसरी २२.१ मिली, तिसरी ५.६ मिली.

पहिल्या जोडीचा हिशेब पूर्ण मांडते, बाकीचे त्याच वाटेनं जातात.

परमँगनेट: २४.३ × ०.०२ = ०.४८६ मिलिमोल
पेरॉक्साइड: ०.४८६ × ५ ÷ २ = १.२१५ मिलिमोल
हे २५ मिलीत आहे: १.२१५ ÷ २५ = ०.०४८६ मोल प्रति लिटर
वीसपट पातळ करण्याआधी: ०.०४८६ × २० = ०.९७२ मोल प्रति लिटर
ग्रॅममध्ये (रेणुभार ३४.०१): ०.९७२ × ३४.०१ = ३३.१ ग्रॅम प्रति लिटर

म्हणजे १०० मिलीत ३.३१ ग्रॅम. या मांडणीत रीडिंग सोडून बाकी काहीच बदलत नसल्यामुळे सगळे स्थिरांक एकत्र करून ठेवता येतात: रीडिंगला ०.१३६ नं गुणा, १०० मिलीतले ग्रॅम मिळतात. दुसऱ्या जोडीचे २२.१ × ०.१३६ = ३.०१. तिसऱ्या जोडीचे ५.६ × ०.१३६ = ०.७६.

५.६ मिलीसारख्या छोट्या रीडिंगवर माझा भरवसा नसतो. ०.१ मिली इकडचं तिकडे झालं तरी उत्तर जवळपास दोन टक्क्यांनी हलतं. म्हणून त्यांना ५ च्या जागी २० मिली घेऊन शंभर करायला लावलं. रीडिंग आलं २२.४, बरोबर चौपट. उत्तर तेच राहिलं.

आता फळ्यावर ३.३१, ३.०१ आणि ०.७६ असे तीन आकडे होते आणि वर्गात शांतता. ज्यांनी काटेकोर फ्लास्क वापरला त्यांचं द्रावण दहा टक्क्यांनी जास्त तीव्र, आणि ज्यांनी बीकरमध्ये पाणी ओतलं त्यांचं जवळजवळ अचूक तीन.

"मॅडम, म्हणजे आमचं बरोबर?" दुसऱ्या जोडीनं विचारलं. आवाजात आनंदापेक्षा संशय जास्त होता. तो संशय मला फार आवडला.

३०% म्हणजे कशाचे तीस, कशात तीस

मोठी बाटली टेबलावर आणली. मोठ्या अक्षरात "३०%", आणि खाली डोळे बारीक करून वाचावं अशा अक्षरात "डब्ल्यू/डब्ल्यू". म्हणजे वजनास वजन: १०० ग्रॅम द्रावणात ३० ग्रॅम पेरॉक्साइड. १०० मिलीत नव्हे.

पाण्यासारख्या द्रावणात हा फरक दुर्लक्षित करण्याची सवय आपल्याला असते, कारण एक मिली पाणी म्हणजे एक ग्रॅम. पण पेरॉक्साइड पाण्यापेक्षा जड आहे आणि तीस टक्क्यांच्या द्रावणाची बाटली हातात घेतली तरी ते जाणवतं. कुणी विश्वास ठेवावा म्हणून नुसतं सांगितलं नाही. तराजूवर कोरडा बीकर ठेवून शून्य केलं आणि पिपेटनं १० मिली सोडलं. काटा ११.१ ग्रॅमवर थांबला. घनता १.११.

तर मग १० मिलीत पेरॉक्साइड किती? ११.१ ग्रॅमच्या तीस टक्के, म्हणजे ३.३३ ग्रॅम. पहिल्या जोडीनं हे ३.३३ ग्रॅम १०० मिलीत पसरवलं. त्यांच्या सूत्रात काही चूक नव्हती. "एम-वन व्ही-वन बरोबर एम-टू व्ही-टू" हे सूत्र आकारमानावर आधारलेल्या संहतीला (तीव्रतेला) लागू पडतं. मोल प्रति लिटर चालेल, ग्रॅम प्रति १०० मिली चालेल. वजनास वजन टक्के त्यात टाकले तर सूत्र तक्रार करत नाही, गुपचूप चुकीचं उत्तर देतं. त्यांनी ३० टाकले. टाकायला हवे होते ३३.३.

नेमकं मोजलेलं ३.३१ आणि हिशेबातलं ३.३३ यातला फरकही वाया घालवला नाही. उलटं गेलं तर बाटलीत ३३.१ ग्रॅम प्रति १०० मिली, भागिले १.११, म्हणजे २९.८% वजनानं. अशा विश्लेषणासाठीच्या पेरॉक्साइडवर अमेरिकन केमिकल सोसायटीच्या मानकानुसार २९ ते ३२ टक्के अशी मर्यादा असते. बाटली निर्दोष. "३०%" हा आकडा मुळातच एक पट्टा आहे, बिंदू नव्हे, हे त्यातून ओघानं निघालं.

दुसऱ्या जोडीचं नशीब

आता दुसऱ्या जोडीकडे. त्यांची चूक सगळ्यांना माहीत असलेली: "दहाचे शंभर करणं" आणि "दहात शंभर घालणं" एक नाही. दहात शंभर घातलं की एकशे दहा होतं, आणि पातळपणा दहापट न होता अकरापट होतो. १ : १० असं लिहिलं की कुणी एकास दहा भाग पाणी समजतं, कुणी दहातला एक भाग. मी स्वतः १ : १० असं लिहिणं कधीच सोडलंय, "१० मिली घेऊन एकूण १०० मिली" असं पूर्ण वाक्य लिहिते. जागा जास्त लागते, पण भांडण होत नाही.

मोठ्या प्रमाणावर काम करणारे लोकही हेच पाळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हात चोळण्याच्या जंतुनाशकाच्या कृतीत दहा लिटरसाठी ३% पेरॉक्साइड ४१७ मिली घ्यायला सांगितलंय, म्हणजे अंतिम ०.१२५%. पाणी किती लिटर घाला असा आकडा तिथे नाही. दहा लिटरच्या खुणेपर्यंत भरा, एवढंच. कोणती वस्तू मिसळल्यावर किती जागा घेईल याची चिंताच नको.

पण मग अकरापट पातळ करून दुसऱ्या जोडीला बरोबर तीन कसे मिळाले? ३.३३ ग्रॅम भागिले ११० मिली म्हणजे १०० मिलीत ३.०३. दोन चुका एकमेकींना खाऊन गेल्या: सुरुवातीचा खरा आकडा धरलेल्यापेक्षा दहा टक्क्यांहून थोडा जास्त होता, आणि पातळ दहा टक्क्यांनी जास्त केलं.

इथवर वर्गानं मान डोलावली. पण पहिल्या जोडीतली मुलगी वहीत काहीतरी खरडत होती, तिनं हात वर केला. "मॅडम, वजनानं बघितलं तर त्यांनी दहापटच पातळ केलंय." तिनं मांडलेलं असं: १० मिली म्हणजे ११.१ ग्रॅम. त्यात १०० मिली पाणी म्हणजे १०० ग्रॅम. एकूण १११.१ ग्रॅम. आणि ११.१ ची दहापट किती? १११.

मला हे सुचलं नव्हतं. वीसेक वर्षं ही बाटली हाताळतेय, तरी नाही. दुसऱ्या जोडीनं अजाणता वजनानं दहापट विरलन केलं होतं, आणि वजनास वजन ३०% ला वजनानं दहापट पातळ केलं की वजनास वजन ३% होणारच. त्यांचं द्रावण तीनही दशांशांपर्यंत बघितलं तरी २.९९७%. (बाटली २९.८ ची धरली तर थोडं खाली, २.९८.) त्यांची पद्धत चुकीच्या कारणासाठी बरोबर होती.

हे किती नशिबावर आहे ते दाखवायला त्यांनाच ५०% च्या बाटलीचा कागदी हिशेब करायला दिला. घनता साधारण १.२०. १० मिली म्हणजे १२ ग्रॅम, त्यात पेरॉक्साइड ६ ग्रॅम. १०० मिली पाणी घातलं: एकूण ११२ ग्रॅम. ६ ÷ ११२ म्हणजे ५.३६%. पाच हवे होते. आकारमानानं मोजलं तर १०० मिलीत जवळपास ५.४५ ग्रॅम. इथे काहीच जुळत नाही. १.११ या घनतेचा आणि "एकशे दहा"च्या चुकीचा योगायोग फक्त तीसच्या आसपास जमतो.

"व्हॉल्यूम"

तिसऱ्या जोडीची गोष्ट लांबलचक नाही, पण ती चूक मी दरवर्षी बघते. "२० व्हॉल्यूम" हे टक्के नव्हेत. त्या द्रावणाच्या एका मिलीतून, पूर्ण विघटन झाल्यावर, प्रमाण तापमान आणि दाबाला २० मिली ऑक्सिजन मिळतो, एवढाच त्याचा अर्थ. १८१८ मध्ये लुई जाक तेनार यांनी हे संयुग पहिल्यांदा बनवलं तेव्हा त्यांनीही त्याला "ऑक्सिजनयुक्त पाणी" असंच म्हटलं होतं; या द्रवाकडे ऑक्सिजनचं गाठोडं म्हणून बघायची दृष्टी त्याच्या जन्मापासूनची.

पेरॉक्साइडचे दोन मोल एक मोल ऑक्सिजन देतात, आणि शून्य अंश सेल्सिअस व एका वातावरण दाबाला एक मोल वायू २२.४ लिटर जागा व्यापतो. म्हणून १ मोलर द्रावणाच्या एका लिटरमधून ११.२ लिटर. लेबलवरचा व्हॉल्यूमचा आकडा ११.२ नं भागला की मोल प्रति लिटर. २० ÷ ११.२ = १.७९ मोलर, गुणिले ३४.०१ म्हणजे ६०.७ ग्रॅम प्रति लिटर, म्हणजे सुमारे ६%. थोडक्यात १० व्हॉल्यूम ३%, २० व्हॉल्यूम ६%, ३० व्हॉल्यूम ९%, ४० व्हॉल्यूम १२%. इथे मात्र सगळे टक्के १०० मिलीतले ग्रॅम आहेत. "१०० व्हॉल्यूम" म्हणजे १०० मिलीत ३०.४ ग्रॅम, आणि तेच द्रावण वजनास वजन म्हटलं तर साधारण २७.५%. दोन बाटल्यांवर "३०%" असूनही आत वेगवेगळं द्रावण असू शकतं ते यामुळे.

(नव्या व्याख्येनुसार प्रमाण दाब १०० किलोपास्कल धरला की २२.४ च्या जागी २२.७ येतात आणि भाजक ११.३५ होतो. फरक सुमारे १.३ टक्क्यांचा. व्हॉल्यूमचे हिशेब अजून जुन्याच आकड्यावर चालतात. मीही तोच वापरला.)

तर तिसऱ्या जोडीनं सहा टक्क्यांचं द्रावण वीस समजून घेतलं. १५ मिलीचे १०० केले म्हणजे ०.९१ यायला हवे होते. आले ०.७६. उरलेला फरक बाटलीच्या वयाचा. ०.७६२ ला ०.१५ नं भागलं की बाटलीत सध्या १०० मिलीत ५.०८ ग्रॅम, म्हणजे १६.७ व्हॉल्यूम. लेबलवर २० छापलं त्या दिवसापासून आजपर्यंत सहावा हिस्सा ऑक्सिजन होऊन निघून गेलाय. पेरॉक्साइड नुसतं ठेवलं तरी हळूहळू मोडतं. उजेड, ऊब, धूळ, लोखंड-तांब्याचे अंश, काचेतला अल्कलीपणा हे सगळे त्याला घाई करतात. म्हणूनच ते अपारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीत आणि हवा सुटेल अशा झाकणासह येतं. घट्ट बूच लावून ठेवणं म्हणजे दाब साठवणं. आणि काढलेलं उरलं तरी बाटलीत परत ओतायचं नाही. पिपेटला चिकटलेला एखादा कण अख्ख्या बाटलीला पुरतो.

आता सकाळच्या वायूकडे परत बघा. खोलीच्या तापमानाला, साधारण २५ अंशांना, एक मोल वायू २४.५ लिटर व्यापतो. पाच मिली ०.९७२ मोलर द्रावणात ४.८६ मिलिमोल पेरॉक्साइड, त्याचा निम्मा ऑक्सिजन, २.४३ मिलिमोल, म्हणजे ५९.५ मिली. दुसऱ्या जोडीसाठी ५४ मिली. तिसऱ्या जोडीसाठी १३.७. आणि सिलिंडरमध्ये जमले होते ५८, ५३, १३. सिलिंडर सकाळपासूनच खरं बोलत होता. पाण्यावर गोळा केलेल्या वायूत थोडी वाफ मिसळते आणि थोडा ऑक्सिजन पाण्यातच राहतो, तेवढा मागेपुढे सोडून द्यायचा. ज्या फरकाला मी "चार बुडबुडे" म्हणणार होते, तो पूर्णपणे पेरॉक्साइडचा होता.

पुन्हा बनवताना

१०० मिलीत ३.०० ग्रॅम हवे, बाटलीत १०० मिलीत ३३.१ ग्रॅम आहेत. ३.०० ÷ ०.३३१ = ९.०६. अंशांकित पिपेटनं ९.१ मिली, खुणेपर्यंत शंभर. रीडिंग २२.१ यायला हवं, असं आधी फळ्यावर लिहून ठेवलं. आलं २२.०. तिसऱ्या जोडीनं हट्टानं आपलीच जुनी बाटली वापरली: ३.०० ÷ ०.०५०८ = ५९ मिली, शंभरपर्यंत. "याला पातळ करणं काय म्हणायचं, पाणी शिंपडलंय नुसतं," असं कुणीतरी म्हणालं, पण त्यांचंही रीडिंग २२.० आलं.

हातमोजे सगळ्यांच्या हातात होते, तरी पिपेट धुताना एकाच्या मनगटावर तीस टक्क्यांचा थेंब पडला. लगेच भरपूर पाण्याखाली धरलं. तेवढ्यात तिथली कातडी पांढरीफटक झाली होती. आत शिरून फुटलेल्या पेरॉक्साइडच्या ऑक्सिजनचे बारीक बुडबुडे तो पांढरेपणा आणतात. तासाभरात रंग परत आला. ३% नं असं होत नाही आणि त्यामुळेच मुलं ३०% च्या बाबतीत गाफील राहतात.

ज्यांना औषधी वापरासाठी ३% हवं त्यांना ३.३१ आणि ३.०१ मधला फरक फारसा नडत नाही. अमेरिकी औषधकोशात बाहेरून लावायच्या द्रावणाला १०० मिलीत २.५ ते ३.५ ग्रॅम इतकी मोकळीक आहे. अभिक्रियेचा वेग मोजायच्या प्रयोगात मात्र दहा टक्के म्हणजे निकालच बदलला. परमँगनेटच्या पद्धतीलाही एक अट आहे. काही बाटल्यांत टिकाऊपणासाठी ॲसिटॅनिलाइडसारखं सेंद्रिय द्रव्य घातलेलं असतं आणि तेही परमँगनेट खातं. मग आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. तिथे आयोडाइड आणि थायोसल्फेटच्या टायट्रेशनची वाट धरावी. आमच्या बाटलीवर तसा काही उल्लेख नव्हता, आणि वजनाशी जुळलेल्या २९.८ नं ती शंकाही ठेवली नाही.

गुणांचा प्रश्न शेवटपर्यंत लोंबकळत राहिला. पहिल्या जोडीला पद्धतीचे पूर्ण आणि लेबल न वाचल्याबद्दल एक कमी. तिसऱ्या जोडीला दुसऱ्या खेपेचे. दुसऱ्या जोडीची वही मी दोनदा उघडली आणि बंद केली. शेवटी "दहापट पातळ" या शब्दांखाली लाल रेघ ओढून समासात लिहिलं: "वजनानं की आकारमानानं?" आणि वही गुणांविना परत दिली. दुसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलावर होती. रेघेखाली त्यांनी लिहिलं होतं: "केलं तेव्हा माहीत नव्हतं. आता वजनानं."

बाटल्यांवरची जुनी "३%" पुसून तिथे नवी चिठ्ठी लावली: "३.० ग्रॅम / १०० मिली", तारीख, आणि टायट्रेशन करणाऱ्यांची आद्याक्षरं. चार आठवड्यांनी त्यातली एक उघडून पुन्हा टायट्रेट केली. रीडिंग २१.४. चिठ्ठीवर ३.० खोडून २.९ केलं आणि शेजारी त्या दिवसाची तारीख टाकली.